गिटचं खिडकीवालं ॲप उघडलं की मिटतंय, परवा लाईट गेल्यापासून

उलांडी | ८ जून, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. तारकर्लीजवळ राहतो, कामाचा लॅपटॉप विंडोज ११ चा, रॅम ८ जीबी, बॅटरी म्हाताऱ्या बैलासारखी, लाईट गेली की लगेच बसते.

आम्ही तिघं मिळून मालवणीतले दर्याचे शब्द गोळा करतोय. मासे, वारे, जाळी, होडीचे भाग. एका शब्दाला एक छोटी फाइल, अशा साधारण सहाशे झाल्यात. गावातले निवृत्त गुरुजी लिहितात, मी तपासतो, परळला राहणारा भाचा त्याची वेबसाइट करतो. सगळं गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) ठेवलंय आणि गुरुजींसाठी म्हणून बटणं असलेलं ॲप घेतलं. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा ‘कुठलं ॲप बरं’ याच्यावर जाईल.

परवा मिरगाच्या आधीचा पाऊस झाला. मी कमिटचं, म्हणजे केलेल्या बदलांची नोंद पक्की करायचं, बटण दाबलं आणि त्याच क्षणी वीज कडाडली, लाईट गेली, लॅपटॉप पण गेला. तेव्हापासून ॲप उघडतं, दोन सेकंद यादी दिसते आणि खिडकी नाहीशी होते. ना एरर, ना काही. तीनदा काढून परत टाकलं. मशीन बंद-चालू किती वेळा केलं ते विचारू नका. गुरुजींना अजून सांगितलेलं नाही.

टर्मिनलवाला | ८ जून, रात्री १०.०५

खिडक्या सोडा, कमांड शिका. टोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्स कर्नलसाठी गिट केलं ते बटणं दाबायला नाही.

मोदकपात्र | ८ जून, रात्री १०.२०

गुरुजींचं वय काय, ते काम काय करतात, हे वरच लिहिलंय हो. आणि बटणांचा एवढा राग असेल तर गिटच्या स्वतःच्याच पोतडीत गिट-के आणि गिट-गुई नावाची दोन खिडकीवाली साधनं कित्येक वर्षं आहेत, त्यांचं काय करायचं?

उलांडी, उलट तेच आधी वापरून बघ. विंडोजवर गिट टाकलंस की गिट-के बरोबर येतं. दोघांचा सांगाडा वेगळा, ते टीसीएल-टीके वर चालतं, तुझं ॲप बहुतेक इलेक्ट्रॉनवर आहे. दोघांचं पोट एकच, म्हणजे डॉट-गिट फोल्डर, जिथे सगळा इतिहास असतो. एकात उघडलं आणि दुसऱ्यात नाही, तर दोष कुठे ते लगेच कळतं.

रातांबा | ८ जून, रात्री १०.४१

मी कुडाळात दुकानांची मशीनं सांभाळतो, त्यामुळे पावसाळ्यात हेच काम. पहिली गोष्ट: काहीही करण्याआधी अख्खं फोल्डर, लपलेल्या डॉट-गिटसकट, पेनड्राइव्हवर कॉपी कर. मग तीन गोष्टी सांग.

ॲपमध्ये दुसरा एखादा रिकामा प्रकल्प उघडतो का? काळ्या खिडकीत त्या फोल्डरात जाऊन ‘गिट स्टेटस’ म्हटल्यावर काय येतं? आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, ॲप्लिकेशन, तिथे लाल खुणेची १००० नंबरची नोंद शोध. ॲप मेलं की विंडोज तिथे लिहून ठेवतं: कोण मेलं, कुठल्या फाइलमध्ये मेलं, कुठल्या कोडने मेलं.

(कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप करताना रोमनमध्ये कर. गेल्या वेळी एकाने खरंच ‘गिट’ असं देवनागरीत टाकून माझ्याशी भांडण केलं होतं.)

उलांडी | ९ जून, सकाळी ७.१५

रात्री परत लाईट नव्हती. आता आहे.

रिकामा प्रकल्प उघडतो. आमचा नाही. गिट स्टेटस म्हणतं की इंडेक्स.लॉक नावाची फाइल आहे, दुसरी गिट प्रक्रिया चालू दिसते. दुसरी कुठली? घरात मी आणि मांजर.

रातांबा | ९ जून, सकाळी ७.३०

प्रक्रिया नाही, तिचं भूत आहे. गिट इंडेक्समध्ये लिहायला बसलं की आधी इंडेक्स.लॉक ठेवतं, म्हणजे दुसऱ्या कुणी मध्ये हात घालू नये. काम संपलं की तीच फाइल इंडेक्सच्या जागी बसते. तुझ्याकडे काम संपायच्या आत लाईट गेली आणि कुलूप दाराला तसंच राहिलं. टास्क मॅनेजरमध्ये गिट कुठे चालू नाही ना ते बघ, ॲप बंद असू दे, आणि ती लॉक फाइल उडव. मग परत स्टेटस.

उलांडी | ९ जून, सकाळी ७.५२

उडवली. आता नवीनच. इंडेक्स फाइल अपेक्षेपेक्षा लहान आहे म्हणतं. बघितलं तर तिचा आकार शून्य.

रातांबा | ९ जून, सकाळी ८.१०

हे फार वाईट नाही, घाबरू नकोस. इंडेक्स म्हणजे पुढच्या कमिटमध्ये काय जायचं त्याची यादी. बाजारची चिठ्ठी हरवली, पण बाजार घरात आहे. ती शून्याची इंडेक्स फाइल दुसऱ्या नावाने बाजूला ठेव आणि नुसतं ‘गिट रीसेट’ म्हण. पुढे ‘हार्ड’ लावू नकोस, हात जोडून सांगतो. नुसता रीसेट शेवटच्या कमिटवरून यादी परत बनवतो, तुझ्या फाइलींना हात लावत नाही. ‘हार्ड’ लावलंस तर परवाचं गुरुजींचं टंकन पण धुऊन निघेल.

मग ‘गिट एफएससीके’, म्हणजे साठवलेल्या वस्तूंची तपासणी. त्यात कुठली वस्तू रिकामी किंवा सडलेली सांगितली तर थांब आणि इथे लिही. तशी वस्तू भाच्याच्या कॉपीतून आणता येते.

उलांडी | ९ जून, सकाळी ८.४४

देवा महाराजा! स्टेटस आलं. परवाच्या अकराच्या अकरा फाइली ‘बदललेल्या’ दिसतात, आत मजकूर शाबूत. एफएससीके तीन ‘डँगलिंग ब्लॉब’ दाखवतं. ते काय? आणि गिट-के मध्ये सगळा इतिहास नीट दिसतो.

पण ॲप उघडलं की परत मिटतंयच.

मोदकपात्र | ९ जून, सकाळी ९.०५

डँगलिंग म्हणजे कुणाच्या यादीत नसलेली वस्तू. तू ‘ॲड’ केलंस आणि कमिट झालंच नाही, म्हणून लोंबकळत राहिली. निरुपद्रवी आहे, गिट काही दिवसांनी आपणच केर काढतं.

आणि आता चित्र स्वच्छ झालं की. गिट ठणठणीत, गिट-के ठणठणीत, ॲप आडवं. म्हणजे लाईट जाणं हा एक रोग होता आणि ॲपला दुसराच काहीतरी आहे. इव्हेंट व्ह्यूअरचं अजून सांगितलं नाहीस.

माडाखाली | ९ जून, सकाळी ९.३०

समुद्राला लागून घर म्हणजे खारी हवा. माझ्या लॅपटॉपच्या रॅमच्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या, रबराने घासून लावल्यावर सुरळीत. आधी ते बघा.

रातांबा | ९ जून, सकाळी ९.४०

खाऱ्या हवेचं खरं आहे, मी स्वतः घासतो. पण रॅम बिघडली की एकच ॲप मरत नाही. ब्राउझर मरतो, निळा पडदा येतो, कधी हे कधी ते. इथे एकच ॲप, एकाच प्रकल्पावर, दरवेळी दोन सेकंदांनी. इतकी शिस्त खराब रॅमला नसते. शंका असेल तर विंडोजची मेमरी तपासणी रात्री लावून झोप. लाईट असेल तर.

उलांडी | ९ जून, दुपारी १.२०

मेमरी तपासली, निर्दोष. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲपच्या नावाने सतरा नोंदी आहेत. सगळ्यात तोच कोड: शून्य-एक्स नंतर ई००००००८. फाइल म्हणून ॲपच्याच एक्झीचं नाव आहे.

आणि एक विचित्र. परवाची तारीख काढून बघितलं, तर पहिली नोंद लाईट जायच्या आधीची आहे. दुपारी साडेतीनची. तेव्हा मी जेवून झोपलो होतो, ॲप मागे उघडंच होतं.

मोदकपात्र | ९ जून, दुपारी १.४५

हे पहिल्याच दिवशी हवं होतं! तो कोड क्रोमियमचा (क्रोम ब्राउझरचा गाभा) आहे, म्हणजे ‘मेमरी संपली’. इलेक्ट्रॉन म्हणजे आत अख्खा क्रोमियम ब्राउझर, म्हणून तोच कोड दिसतो. ग्राफिक्स चिपचा घोळ असता तर बहुधा ड्रायव्हरच्या फाइलचं नाव आणि सी००००००५ असा कोड दिसला असता, मग मी तुला जीपीयू बंद करून चालवायला सांगितलं असतं. ते आता नको.

म्हणजे ॲप काहीतरी राक्षसी मोठं चितारायला जातंय. हे ॲप शेवटी कुठला प्रकल्प आणि त्यातली कुठली फाइल निवडली होती ते लक्षात ठेवतं. उघडलं की तिथेच जातं, तीच फाइल चितारायला घेतं आणि मरतं. काढून परत टाकल्याने काही होत नाही, कारण ही आठवण ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये, ॲपच्या नावाच्या फोल्डरात असते आणि ॲप काढताना ते फोल्डर तसंच राहतं. ॲप बंद करून त्या फोल्डराचं नाव बदल. कोरं उघडेल. मग प्रकल्प जोड, पण इतिहासात एकेका कमिटवर सावकाश टिचकी मार.

उलांडी | ९ जून, दुपारी २.३०

उघडलं! आणि सातव्या कमिटवर टिचकी मारली आणि मेलं. ते कमिट भाच्याचं आहे. संदेश काय तर ‘छोटासा बदल’.

परळचा भाचा | ९ जून, रात्री ८.१५

मामांनी लिंक पाठवली म्हणून सभासद झालो. कबूल करतो. वेबसाइटसाठी सगळे शब्द एका जेसन फाइलमध्ये काढले होते. गुरुजींच्या आवाजातले उच्चार वेगळ्या फाइली नकोत म्हणून बेस-६४ करून, म्हणजे आवाजाचा डेटा अक्षरांत उतरवून, त्यातच घातले. फाइल झाली ८७ एमबी. गिटहबची (आमचं गिट नेटवर जिथे ठेवलंय ती साइट) मर्यादा १०० ची आहे, ५० च्या वर नुसता इशारा देतो, म्हणून गेली. मॅकवर मी टर्मिनल वापरतो, त्यामुळे मला काही जाणवलं नाही.

मोदकपात्र | ९ जून, रात्री ८.३२

आणि सगळी एका ओळीत, बरोबर?

परळचा भाचा | ९ जून, रात्री ८.३३

एका ओळीत.

मोदकपात्र | ९ जून, रात्री ८.५५

तेच. फाइल मजकुराची की बायनरी हे ठरवायला गिट पहिल्या आठ हजार बाइटांत शून्य बाइट शोधतं. बेस-६४ मध्ये नुसती अक्षरं, अंक आणि दोन-तीन चिन्हं, म्हणून तुझा आवाज गिटच्या लेखी मजकूर ठरला. मग ॲप फरक दाखवायला बसलं. फरक ओळीनुसार दाखवतात, आणि इथे ओळ एकच, ८७ एमबीची. ती रंगवायची, गुंडाळायची, मोजायची. आठ जीबीच्या लॅपटॉपने काय करावं! शिवाय बेस-६४ ने आकार एक तृतीयांश वाढतो तो वेगळाच.

उपाय: डॉट-गिटॲट्रिब्यूट्स फाइलीत त्या जेसनच्या नावापुढे ‘-डिफ’ लिही. गिट तिला बायनरी समजेल आणि ॲपला दोन ओळींचं उत्तर देईल. पुढे ती फाइल ‘आरएम’ला ‘कॅश्ड’ लावून गिटमधून काढ आणि डॉट-गिटइग्नोअरमध्ये टाक. जे यंत्र दर वेळी पुन्हा बनवू शकतं ते गिटमध्ये ठेवायचं कारणच नाही. आवाजाच्या फाइली वेगळ्या ठेव.

इतिहासातून ती उपटून काढायच्या भानगडीत आत्ता पडू नका. त्याने पुढच्या सगळ्या कमिटांचे हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, बदलतात आणि गुरुजींना परत क्लोन करायला, म्हणजे अख्खी नवी कॉपी उतरवायला लावायचं म्हणजे एक दिवस गेला.

उलांडी | ९ जून, रात्री १०.१०

केलं. सातव्या कमिटवर टिचकी मारली, ॲप जिवंत. परवाच्या अकरा फाइलींचं कमिटही झालं. पाठवायला नेट नाही, उद्या.

मजा म्हणजे मी दोन दिवस विजेला शिव्या घातल्या आणि खरं कारण परळात बसलं होतं.

रातांबा | ९ जून, रात्री १०.२५

विजेचा वाटा होताच, शून्याची इंडेक्स तिचीच. म्हणून दोन कामं कर. गिट २.३६ पासून, म्हणजे एप्रिल २०२२ पासून, कोअर.एफसिंक असं एक सेटिंग आहे. ते ‘ऑल’ कर. लिहिलेलं डिस्कवर खरंच उतरलं याची गिट जास्त खात्री करून घेतं. जरा हळू होतं, सहाशे छोट्या फाइलींना जाणवणार नाही.

दुसरं, नेट नसलं की कमिटं साठत राहतात आणि एकाच डिस्कवर असतात. पेनड्राइव्हवर ‘बेअर’ रिपॉझिटरी, म्हणजे नुसता गिटचा साठा, बनव आणि तिला दुसरा रिमोट, म्हणजे कमिटं पाठवायचं ठिकाण, म्हणून जोड. पुश करायला नेटच लागतं असं थोडंच आहे. आणि इन्व्हर्टर घे बाबा.

परळचा भाचा | १२ जून, रात्री ११.३०

मामांचं सुटलं, आता माझं. मामांना दाखवायला म्हणून मी पण मॅकवर तेच ॲप टाकलं. मेमरी संपत नाही, पण ॲप सतत लुकलुकतं, पंखा गिरणीसारखा फिरतो आणि अर्ध्या तासाने सगळं गोठतं. मी काहीही बदल केलेला नसताना एक फाइल कायम ‘बदललेली’ दिसते: ‘तिसऱ्या’, म्हणजे खायच्या शिंपल्यांची. बदल रद्द केला की ती नीट होते आणि दुसरी बदललेली दिसते. तिचंही नाव तिसऱ्या! टर्मिनलमध्येही तसंच दिसतं, मी आजवर दुर्लक्ष केलं.

उलांडी | १३ जून, सकाळी ६.५०

अरे हो, माझ्या फोल्डरात दोन तिसऱ्या आहेत. मला वाटलं तू एक कॉपी केलीस. विंडोज एका नावाच्या दोन फाइली ठेवू देत नाही हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

टर्मिनलवाला | १३ जून, सकाळी ८.००

आता हे मात्र मजेशीर आहे. ‘गिट एलएस-फाइल्स’चं आउटपुट टाका ना. कोअर.कोटपाथ बदललं नसेल तर गिट देवनागरी नावं आकड्यांत दाखवतं, एरवी त्याचा वैताग येतो, इथे कामी येईल.

उलांडी | १३ जून, सकाळी ८.२०

टाकतो. सुरुवात सारखीच आहे, फक्त मधला भाग वेगळा:

एकीत: ३४० २४४ २६१ ३४० २४५ २१५
दुसरीत: ३४० २४४ २६० ३४० २४४ २७४ ३४० २४५ २१५

वेलांटी | १३ जून, सकाळी १०.४०

हा धागा चार दिवस लांबून वाचत होते, आता राहवत नाही. मी फॉन्टचं काम करते आणि हे आपल्या भाषेचं खास दुखणं आहे.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द बघा. पहिल्यात रफार, दुसऱ्यात चंद्रकोरीसारखा अर्धा र. मराठीला दोन्ही लागतात, नाहीतर समुद्र आणि डोंगरातल्या दऱ्या एक होतील. युनिकोडमध्ये हा चंद्रकोरी र मिळवायला स्वतंत्र अक्षर आहे, ऱ, खाली टिंब असलेला, त्याला हलन्त लावायचा. वरचे आकडे अष्टमान पद्धतीचे आहेत, एका देवनागरी चिन्हाला तीन बाइट. पहिल्या ओळीतला २६१ ने संपणारा त्रिकूट म्हणजे हा सबंध ऱ, आणि २१५ चा त्रिकूट म्हणजे हलन्त.

दुसऱ्या ओळीत २६० म्हणजे साधा र, आणि २७४ म्हणजे नुसता नुक्ता, खालचं टिंब. दोन तुकडे. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे. युनिकोडही म्हणतं की दोन्ही समानच माना. पण गिट नाव म्हणजे बाइटांची माळ समजतं, त्याच्या लेखी दोन वेगळ्या फाइली. विंडोजचं एनटीएफएसही (डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) तसंच, म्हणून उलांडींकडे दोन दिसतात. मॅकचं एपीएफएस मात्र नावांची तुलना करताना दोन्ही एकच मानतं. म्हणजे भाच्याच्या डिस्कवर जागा एक आणि गिटच्या यादीत नावं दोन. एक लिहिली की दुसरीवर पडते. गिट म्हणणार दुसरी बदलली. ॲप फोल्डरावर पाळत ठेवून असतं, प्रत्येक लिखाणाला यादी पुन्हा काढतं, आणि रद्द करा-बदललं-रद्द करा हा लपंडाव चालू राहतो.

गिट हे क्लोन करताना सांगतंही. २.२० पासून, म्हणजे डिसेंबर २०१८ पासून, नावं आपटली की इशारा येतो. बटण दाबून क्लोन केलं की तो कुणी वाचत नाही.

आता कळीचा प्रश्न. ती दुसरी तिसऱ्या कुठल्या कळफलकावर टंकली?

उलांडी | १३ जून, दुपारी १२.०५

गुरुजी इनस्क्रिप्टवाले. त्यांनी लिहिली ती एक. दुसरी मी, देवबागच्या खाडीत तिसऱ्या काढणाऱ्या बायकांशी बोलताना वाळूत बसून मोबाइलवर लिहिली होती. घरी येऊन जशीच्या तशी चिकटवली, नावासकट.

वेलांटी | १३ जून, दुपारी १२.३०

मग उलगडलं. इनस्क्रिप्टवर ऱ एका कळीत येतो, सबंध. तुमच्या मोबाइलच्या कळफलकाने र आणि नुक्ता वेगवेगळे दिले.

दुरुस्ती विंडोजवरच करा, मॅकवर नको. विंडोजवर दोन्ही फाइली खऱ्याखुऱ्या वेगळ्या आहेत. दोन्ही उघडून मजकूर गुरुजींच्या फाइलीत एकत्र करा, मोबाइलवाली काढून टाका, कमिट, पुश. मग भाच्याने पुल करायचं. आणि सहाशेही नावं तपासा: वाऱ्याची, किनाऱ्यावरची, खाऱ्या पाण्यातली, जिथे जिथे हा र आहे तिथे. पायथॉनच्या युनिकोडडेटामध्ये नॉर्मलाइझ आहे, त्याला एनएफसी सांगितलं की तुकड्यांचा ऱ सबंध होतो. जुन्या काही कळफलकांचा तिसरा प्रकार असतो, र, हलन्त आणि मागे अदृश्य जोडखूण. तो एनएफसीने बदलत नाही, हाताने बदलावा लागेल. कमिटआधी चालणाऱ्या हुकमध्ये दोन्ही घालून ठेवा.

मी असते तर फाइलींना नुसते क्रमांक दिले असते आणि शब्द आत शीर्षकात ठेवला असता.

परळचा भाचा | १३ जून, दुपारी १२.४८

गुरुजी क्रमांक ऐकणार नाहीत. ‘माशांका नंबर? तुरुंगात घातलंस काय रे त्येंका?’ असं एकदा झालंय. हुक लिहितो.

उलांडी | १४ जून, सायंकाळी ६.१५

झालं. सहाशेत असल्या चार जोड्या निघाल्या, चारही माझ्याच मोबाइलच्या. तिसऱ्या उघडून बघितल्या तर मजकूर वेगळा होता. गुरुजींनी अर्थ आणि कालवणाची रीत लिहिलेली, माझ्या नोंदीत ओहोटीला पायाने वाळू चाळून त्या कशा हुडकतात ते. दोन्ही आता एका फाइलीत आहेत. गुरुजींनी ॲपात स्वतः फरक बघितला आणि माझं शुद्धलेखन दुरुस्त केलं.

परळचा भाचा | १४ जून, सायंकाळी ७.००

पुल केलं. पंखा शांत.

रातांबा | १४ जून, सायंकाळी ७.१०

इन्व्हर्टरचं काय झालं?

उलांडी | १४ जून, सायंकाळी ७.१२

बॅटरी आली. पाणी घालायला माणूस सोमवारी येतो म्हणालाय.